शिमोजी सानची आई फोनवर आहे

आमच्याकडे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात खिडक्या कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच. सोमवारी टेबल पुसलं की बुधवारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आमच्या लंच रूममधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. कुणी गोळा करायला जात नाही, पण साठतात! त्यातले शिमोजी सानचे तर इतके साठलेत की माझा नवरा म्हणतो, "मेधा, आता एक गोडाऊन भाड्याने घे."

मधले काही आठवडे मात्र हे किस्से काढायची कुणाची हिंमत नव्हती. आता शिमोजी सान रजेवरून परत आलेत, येताना सगळ्यांसाठी त्यांच्या बेटावरच्या काळ्या गुळाचे खडे आणलेत, आणि हल्ली तेच आधी हसायला लागतात. तेव्हा सांगते.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आमची कंपनी पॅकिंग मशिन्स बसवते आणि बिघडली की दुरुस्त करते. मी परचेसमध्ये. राहते शारजात, अल नहदाला. मूळची डोंबिवलीची. लोक म्हणतात मी फार बोलते. मी फार बोलत नाही, नीट सांगते. समोरच्या टेबलावर ॲग्नेस, अकाउंट्सवाली, वसईची. वर्कशॉपचा फोरमन गुल खान, पेशावरकडचा, दारातून येताना वाकून यावं लागतं एवढा उंच. आणि शिमोजी सान ('सान' म्हणजे आपलं 'राव'), जपानी सर्व्हिस इंजिनिअर, साठीच्या आसपासचे, बायको नाही, मुलं नाहीत, बोलणं जेमतेम. पण रोज लंचला न चुकता आईला फोन! तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, म्हातारीचं जेवण उरकलेलं असतं.

तर या फोनपासूनच सगळं सुरू झालं.

*

आमची मशिन्स हवेच्या दाबावर चालतात. कॉम्प्रेसरपासून सगळीकडे हवेचे पाइप गेलेत, आणि पाइप कुठे जरा जरी फुटला की सुस्स करून हवा जाते. गुल खानला दुनियेत कशाचा राग येत नाही, या आवाजाचा येतो. झोपेत ऐकला तरी उठून बसेल.

शिमोजी सान नवीन होते तेव्हाची गोष्ट. गुल खान लंच रूमच्या बाहेरून चालला होता. थबकला. आतून आवाज, "स्स्स... प्स्स... क्स्स..." झालं! धावत जाऊन त्याने मेन लाइनच बंद केली. अख्खं वर्कशॉप ठप्प. मग साबणाचं पाणी आणि स्पंज घेऊन आत आला, आणि पाइपात उरलेल्या हवेचे जिथे बुडबुडे येतील तिथे गळती, या हिशोबाने भिंतीवरचा पाइप वीत वीत पुसत निघाला. आम्ही डबे उचलून उभ्या. बुडबुडा एक नाही आणि आवाज तर चालूच!

पुसत पुसत फ्रिजच्या मागे गेला. तिथे कोपऱ्यात शिमोजी सान, भिंतीकडे तोंड करून, फोन स्पीकरवर.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "क्या हुआ? लीकेज मिला?"

गुल खानने स्पंज मागे लपवला. "मिला साहब. मगर बंद नहीं कर सकते. अम्मा हैं इनकी!"

*

मग शिमोजी सानना बसवून विचारणं भाग होतं. जपानच्या पार दक्षिणेला मियाको नावाचं बेट आहे. त्याच्या शेजारी ओगामी, चिमुकलं. आई तिथली. तिथल्या बोलीत कितीतरी शब्द असे आहेत की ज्यांत घसा वाजतच नाही, नुसती हवा. मासे धरायच्या गळाला ते म्हणतात "क्स्स". मी म्हटलं, परत म्हणा. ते म्हणाले. गुल खान मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. तो म्हणाला, "बाजी, इनको बोलो बस करें, मेरा हाथ साबुन की तरफ जाता है!"

त्या बाजूच्या भाषेला ते म्याकुफुत्सु म्हणतात. फुत्सु म्हणजे तोंड. मियाकोचं तोंड. 'तोंड' म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे का बघितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता ही भाषा बोलणारे सगळे म्हातारे. तरुण पोरं जपानीच बोलतात. शिमोजी सान स्वतः अडखळत बोलतात, चुकतात, आणि चुकले की म्हातारी तिकडून हटकते. तो हटकण्याचा सूर मात्र आम्हाला बिनचूक कळायचा. त्याला भाषांतर लागत नाही.

*

एकदा ओसाकाहून दोन इंजिनिअर आले, नवीन मशीन सुरू करून द्यायला. लंचला बसले. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे फोन चालू. दोघे कान देऊन ऐकायला लागले. मग एकाने मला हळूच इंग्लिशमध्ये विचारलं, "ते गृहस्थ कुठल्या देशाचे?"

मी म्हटलं, "ओळखा!"

एक म्हणाला पोर्तुगीज. दुसरा जरा विचार करून म्हणाला, नाही, उत्तरेकडचं काहीतरी, थंडीतलं. मी म्हटलं, "साहेब, जपानी आहेत! तुमच्याच देशातली भाषा आहे!" त्यांना खरंच वाटेना. शेवटी शिमोजी सानचं कार्ड दाखवलं तेव्हा कुठे गप्प बसले.

मला इतकं हसू आलं की दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटले. शेवटी ॲग्नेसला म्हटलं, "कमाल आहे ना गं? स्वतःच्या देशातली भाषा, आणि ओळखूसुद्धा येऊ नये!"

"हो ना," ॲग्नेस शांतपणे म्हणाली. तिने फोन उचलला, वसईला आईला लावला, दोनचार वाक्यं बोलली, ठेवला. "काय बोलले मी?"

"मला काय ठाऊक? तुमची कोकणी मला कुठे येते?"

"कोकणी नाही ती. कादोडी. आमच्या वसईतली मराठीच." आणि परत इनव्हॉइस टाइप करायला लागली. "आईला सांगत होते, पाच वर्षं माझ्यासमोर बसलेली बाई मराठीत बी.ए. आहे."

*

त्या दिवसापासून लंचला दोन फोन स्पीकरवर यायला लागले, एक ओगामीचा आणि एक वसईचा. ॲग्नेसची आई वसईहून विचारायची, जपानी म्हातारी जेवली का? म्हातारी ओगामीहून विचारायची, ती दुसरी बाई कोण बोलतेय, मासळी विकते का? बरं, खरंच विकायची, तरुणपणी! शिमोजी सान आणि ॲग्नेस मध्ये बसून इंग्लिशमध्ये निरोप पोचवायचे आणि त्यांचे डबे थंड व्हायचे.

त्याच काळात शिमोजी सानने पाटीची गोष्ट सांगितली. त्यांची आई शाळेत होती तेव्हा वर्गात बेटावरची भाषा बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरं पोर तीच भाषा बोलताना सापडेपर्यंत पाटी आपल्या गळ्यात. पोरं हुशार झाली, तोंड उघडेनात. मग पाटी उतरायची कशी?

"आई शेजारच्या मुलीला चिमटा काढायची," शिमोजी सान म्हणाले. "जोरात. दुखलं की माणूस शाळेच्या भाषेत ओरडत नाही."

म्हातारीच्या गळ्यात पाटी कधी घंटा होईपर्यंत टिकली नाही म्हणे! पण तिने ते मनाला लावून घेतलं. मुलं झाल्यावर त्यांच्याशी मुद्दाम जपानीच बोलली. शिमोजी सान जे काय शिकले ते ती शेजारणींशी बोलायची तेव्हा दाराआडून ऐकून. ऐकून मला फार वाईट वाटलं. आईची भाषा माणसाने चोरून ऐकावी?

घरी गेले ती त्याच तिरमिरीत. आमचा निनाद सोफ्यावर टॅब घेऊन लोळत होता. मी काही न बोलता त्याच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"आउच! मम्मा! व्हॉट इज रॉंग विथ यू?"

नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. पाटी आपल्याच घरात आहे.

*

गुल खानला नातू झाला तेव्हा शिमोजी सान म्हणाले, आपण ओतोरी करू. मियाकोची पद्धत आहे. सगळे गोल बसतात. एकजण भाषण करतो. ते संपेपर्यंत हातात भरलेला ग्लास धरून बाकीच्यांनी थांबायचं. भाषण संपलं की प्यायचं. मग पुढचा माणूस उठतो, परत ग्लास भरतात, परत भाषण. सगळ्यांचं होईस्तोवर हे चालतं.

"तिकडे काय पितात?" गुल खानने संशयाने विचारलं.

"तिकडे दारू," शिमोजी सान म्हणाले. "इथे लबान."

लबान म्हणजे आपलं ताकच, जरा दाट. तिकडे एकच ग्लास सगळ्यांत फिरवतात म्हणे, पण त्यावर ॲग्नेस म्हणाली, "एकाच ग्लासात? मी नाही बाई!" म्हणून सगळ्यांना वेगळे कागदी ग्लास. म्हातारी फोनवर बघत होती. त्यांच्या घरी ओतोरी व्हायची तेव्हा पुरुष बाहेर बसायचे आणि ही स्वयंपाकघरातून लक्ष ठेवायची. कुणी लांबण लावली की आतूनच आवाज द्यायची. अख्ख्या बेटाला तिची दहशत होती, असं शिमोजी सान अभिमानाने सांगत होते.

गुल खान उठला, म्हणाला, "अल्लाह ने पोता दिया. शुक्र है. पियो." बसला. ॲग्नेसनेही असंच काहीतरी दोन वाक्यांत उरकलं. माझी पाळी आली. मी उठले, म्हटलं, "मी अगदी थोडक्यात सांगते."

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले.

तसं मी काही फार बोलले नाही. नातू म्हणजे काय, आजोबा म्हणजे काय, माझे आजोबा डोंबिवलीला कसे आले, एवढंच. संपलं तेव्हा मॅनेजर दारात उभा राहून घड्याळ बघत होता आणि गुल खान म्हणाला, "बाजी, खलास? मेरा पोता स्कूल जाने लगा!"

*

मग म्हातारी घरात पडली.

मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शिमोजी सानची बहीण तिकडे मोठ्या शहरात असते, योकोहामाजवळ. ती आईला आपल्याकडे घेऊन गेली. आणि ऑपरेशननंतर आईची जपानी गेली. सगळी पुसली गेली, उरली फक्त ओगामीची. ती बोलायला लागली तर बहिणीलाही धड कळेना, बहीण लहानपणीच बेट सोडून गेलेली. हॉस्पिटलातल्या माणसांना तर काहीच नाही. त्यांनी ते "स्स्स... प्स्स..." ऐकलं आणि त्यांना वाटलं, बाईंना धाप लागलीय. चटकन तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला!

एरवी केवढे हसलो असतो आम्ही. शिमोजी सानने सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. गुल खानने डबा बंद केला. "मैंने भी तो यही किया था," एवढंच म्हणाला.

मास्क काढला, पण म्हातारी रुसली ती रुसलीच. त्या दिवसापासून बोलणं बंद. जेवण बंद. पाणीसुद्धा घेईना. तोंडाशी ग्लास नेला की मान फिरवायची. सलाइनवर किती दिवस ठेवणार? डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत स्वतःहून पाणी घेतलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी घातली की ती सुटेल याचा भरवसा नाही. शिमोजी सानना तिकीट मिळालं होतं परवाचं. रोज लंचला फोन लावायचे, व्हिडिओवर. तोडक्यामोडक्या भाषेत बोलत राहायचे. ती छताकडे बघायची.

लंच रूममध्ये आम्ही चमचासुद्धा आवाज न करता ठेवायचो. कॉम्प्रेसरचा आवाज तेवढा यायचा. मला त्या शांततेची इतकी भीती वाटायची की काय सांगू. आणि मी, मी, काही बोलत नव्हते! ॲग्नेसने दोनदा विचारलं, मेधा, तुला बरं आहे ना?

*

आणि मग तो मुदतीचा दिवस. फोन लागला. बहिणीने कॅमेरा आईसमोर धरला. किती लहान दिसत होती ती त्या पलंगावर! शिमोजी सान बोलायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचा आवाज फुटला. गळ्यात हुंदका असताना ती बिनघशाची भाषाही बोलता येत नाही माणसाला.

गुल खान उठला. फ्रिज उघडला, लबानची बाटली काढली, ग्लास मांडले.

"बहन को बोलो, अम्मा के हाथ में ग्लास दे," तो म्हणाला. "पानी का. मुँह को मत लगाओ. सिर्फ हाथ में."

बहिणीने दिला. हातात ग्लास, खालून आधाराला बहिणीचा हात.

पहिलं भाषण शिमोजी सानचं. उभे राहिले, काहीतरी बोलले, अगदी लहान, शेवटी त्यांच्याकडचं "तंदिगा-तंदि" आलं, म्हणजे आभार. आम्ही प्यायलो. म्हातारी छताकडेच बघत होती.

मग गुल खान. पश्तोत बोलला. आम्ही प्यायलो. तिची मान जराशी इकडे वळली, बहुधा हा एवढा उंच माणूस कोण ते बघायला.

मग ॲग्नेस, तिच्या आईच्या कादोडीत. तिने मासळीचं काहीतरी सांगितलं असावं, कारण हाताने बोंबलाएवढी लांबी दाखवत होती. आम्ही प्यायलो. म्हातारी नाही प्यायली. पण बहीण तिकडून एकदम कुजबुजली. शिमोजी सान म्हणाले, "ताई म्हणते, तिने हात काढलाय. आईने ग्लास स्वतः धरलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले. ग्लास भरला. मराठीत बोलायचं ठरवलं, म्हटलं तिला तसंही सगळं सारखंच. म्हटलं, "आजी, मी मेधा. मी अगदी थोडक्यात सांगते." या वेळी ग्लास कुणी खाली ठेवले नाहीत. मी सांगितलं की मीच ती, रोज तुमच्या फोनच्या वेळी मोठ्याने हसणारी. सांगितलं की तुमचा मुलगा चांगला आहे, पण भाजी अजिबात खात नाही, तुम्ही जरा रागवा. पाटीचं सांगितलं. निनादला काढलेल्या चिमट्याचं सांगितलं. हॉस्पिटलवाल्यांना काही कळत नाही म्हणून आपण जेवण सोडायचं का, असं जरा रागावूनच विचारलं. मग माझ्या आजीच्या ऑपरेशनचं निघालं, आणि त्यावरून तिच्या लोणच्याचं, आणि लोणच्याला कैरी कशी हवी ते. माझे डोळे वाहत होते आणि मला थांबताच येईना. वाटत होतं, मी थांबले तर परत ती शांतता सुरू होणार. ॲग्नेस माझी ओढणी ओढत होती. मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातातही कुणीतरी ग्लास दिला.

कैरी फोडायच्या अडकित्त्यापर्यंत आले असेन, तेवढ्यात आवाज आला.

"स्स्स..."

गुल खानने सवयीने भिंतीवरच्या पाइपकडे बघितलं.

पाइप नव्हता. फोन होता. म्हातारी सरळ माझ्याकडे बघत होती, भुवया चढवलेल्या, ग्लास छातीशी घट्ट धरलेला. परत बोलली, या वेळी लांबलचक, हवाच हवा, आणि तो सूर, तो हटकण्याचा सूर! शिमोजी सान ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. ते रडत होते की हसत होते, सांगता येत नव्हतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. "शिमोजी सान, काय म्हणाल्या?"

गुल खानने त्यांचे खांदे धरले.

"आई म्हणते," शेवटी ते म्हणाले, "या बाईला कुणीतरी थांबवा. मला कधीची तहान लागलीय."